रिंगच्या कोपऱ्यातलं बुटकं स्टूल

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. उंचीने बुटका, एका पायाने जरा लंगडा आणि रंगाने स्वयंपाकघराच्या दारासारखा हिरवा. मला बघून कोणाला खरं वाटणार नाही, पण एके काळी मी बॉक्सिंगच्या रिंगमध्ये जात होतो. एका नावाजलेल्या बॉक्सरच्या कोपऱ्यात माझी जागा होती. लोक त्याला 'खांब' म्हणायचे, कारण तो पडत नसे. तो किती मोठा होता आणि त्याच्यात काय कमी होतं, यावरून लोक अजून भांडतात. मीही माझ्या परीने सांगणार आहे.

मात्र एक लक्षात ठेवा. मी त्याची एकही लढत पाहिलेली नाही. बॉक्सिंगमध्ये राउंड संपला की घंटा वाजते आणि एक मिनिट विश्रांती मिळते. त्या मिनिटापुरतं स्टूल कोपऱ्यात सरकवतात. बॉक्सर बसतो, चूळ भरतो, आणि पुढची घंटा व्हायच्या आत स्टूल बाहेर ओढलं जातं. म्हणजे लढत चालू असली की मी बाहेर, बादलीशेजारी आडवा. लढत थांबली की मी आत. ठोसे मी फक्त ऐकले. माझ्या वाट्याला आलं ते त्याचं वजन, त्याचा घाम आणि त्याचा दम. माझं मत बनलं ते त्याच्यावरून.

मला कोणी हौसेने बनवलं नाही. व्यायामशाळेची जमीन दुरुस्त करायला आलेल्या माणसाने उरलेल्या फळ्यांतून मला ठोकलं आणि जाताना तिथेच सोडलं. सुरुवातीला लोक माझ्यावर चढून दिवे बदलायचे. मग कोपऱ्यातलं जुनं स्टूल एका जाड्या बॉक्सरखाली मोडलं. वस्तादांनी मला हाताने दाबून, हलवून पाहिलं. "चालेल," म्हणाले. माझी निवड एवढ्यावर झाली.

मला आत सरकवायचं काम खांबाच्या मेहुण्याकडे होतं. हा त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. अंगाने किडकिडीत, पण तोंडाचा पट्टा सतत चालू. घंटा वाजली की एका हातात बादली, दुसऱ्या हातात मी, आणि वर त्याचं बोलणं.

मित्रांनो, बाकीचे बॉक्सर माझ्यावर टेकायचे. अर्धं वजन माझ्यावर, अर्धं स्वतःच्या पायांवर, डोळे समोरच्यावर. खांब तसा नव्हता. तो बसला की पूर्ण बसायचा. हमालाने पाठीवरचं पोतं खाली सोडावं तसा. हात मांड्यांवर, डोळे मिटलेले. पहिल्या वेळी मला वाटलं, माझे सांधे आता सुटले. पण घंटा झाली की तो हाताचा टेकू न घेता उठायचा, आणि जाणारा माणूस आलेल्या माणसापेक्षा ताजा असायचा. माझ्या मते त्याची सगळ्यात मोठी ताकद ही होती. मारणं नव्हे, बसणं. त्या मिनिटात प्रेक्षक पाय मोकळे करायला उठत, त्यामुळे हे कोणाच्या नजरेत आलं नाही.

आणि उणीव? तीही मी जवळून पाहिली.

"भाऊजी, तो उजवा टाकतोय," मेहुणा सांगायचा. "डावा हात वर ठेवा."

"हं."

"हं काय? ऐकलं का?"

"ऐकलं."

राउंड संपून तो परत यायचा तेव्हा तोच गाल आणखी सुजलेला असायचा.

"ऐकलं म्हणालात ना?"

"ऐकलं होतं."

तो कोणाचं वाईट मनावर घेत नसे आणि कोणाचं चांगलंही मनावर घेत नसे. दमला की त्याचा डावा हात खाली यायचा तो यायचाच. शिवाय समोर डावखुरा बॉक्सर आला की त्याची सगळी घडी विस्कटायची. त्याच्या बायकोला रिंगमधलं काही आवडत नसे, पण ती स्वतः डावखुरी होती. मेहुणा चेष्टा करायचा, "घरात रोज सराव मिळतोय, तरी भाऊजी शिकत नाहीत."

पण किताब त्याने बरीच वर्षं राखला. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला त्यात मीही होतो. माझे चारही पाय स्पष्ट दिसत होते. व्यायामशाळेच्या भिंतीवर तो फोटो लागला आणि लोक मला हात लावून जाऊ लागले. मला त्याचं अप्रूप वाटलं होतं, असं आठवतं. आता ते वाटणं कसं होतं ते आठवत नाही.

शेवटी एका डावखुऱ्यानेच त्याचा किताब नेला. त्या लढतीत तो माझ्यावर पहिल्यांदाच अर्धा टेकला. मला तेव्हाच कळलं. मेहुण्याला निकालानंतर कळलं.

लढणं सुटल्यावर वस्तादांनी मला त्याच्याबरोबर घरी पाठवलं. घरात त्याच्या कोणत्याच वस्तूला मान नव्हता. रिंगमध्ये जाताना घालायच्या झग्याचं शिलाई मशीनवर घालायला आवरण झालं होतं. हातमोजे बायकोने शेजारच्या पोरांना देऊन टाकले होते. ठेवून काय करायचं, असं तिचं सरळ म्हणणं होतं. मी स्वयंपाकघरात आलो, कारण तिला बसून भाजी चिरायला काहीतरी हवं होतं.

ती अंगाने लहानखुरी. माझ्यावर बसली की तिचे पाय लोंबकळायचे.

"अहो, हे थोडं कापून द्या ना."

"त्याच्यावर बसून मी किताब राखलाय."

"मला कुठे किताब राखायचाय? कांदा चिरायचाय."

हे पुष्कळ दिवस चाललं. मग एकदा कुठल्याशा शाळेने त्याला सत्काराला बोलावलं. तो गेला आणि तिने शेजारून करवत आणली. मला जमिनीवर पाडलं, माझ्यावर गुडघा रोवला आणि डाव्या हाताने कापायला घेतलं. दोन बोटं कापायचा विचार होता. पण पहिला पाय जरा जास्त कापला गेला. मग बाकीचे त्याच्या मापाला आणताना एक आणखी कमी झाला. मग पुन्हा बाकीचे. दुपारपर्यंत मी चार बोटं उतरलो होतो आणि तरी डुगडुगत होतो. तेव्हा तिने त्याच्या जुन्या बुटाच्या तळव्याची चकती कापली, एका पायाला ठोकली, आणि दाराचा उरलेला हिरवा रंग मला फासून टाकला. कापल्याचं लपेल, असं तिला वाटलं असावं.

तो सत्काराची शाल काखेत घेऊन आला आणि दारातच थांबला.

"हे काय केलंस?"

"बसले बघा कशी. पाय टेकतात."

"बुटकं झालं ते. मी कुठे बसू?"

"तुम्ही उभे राहा. उभं राहण्याबद्दलच शाल मिळालीय ना?"

तो हसला. मेहुण्याला आठवडाभर हे सांगत होता.

मित्रांनो, माझी खरी नोकरी तिथून सुरू झाली. रिंगमध्ये मी एक मिनिट वापरला जायचो. इथे ती बसली की बटाटे उकडून, सोलून होईपर्यंत उठत नसे. ओटा तिच्या उंचीचा होता, फळ्या तिच्या हाताच्या अंतरावर होत्या, आणि मी तिच्या पायांच्या मापाचा. त्या खोलीत फक्त खांबच मापात बसत नव्हता. भांडी घासताना तो कमरेत वाकायचा. ती म्हणायची, "एवढं वाकायला रिंगमध्ये शिकला असता तर गाल वाचला असता."

मग ती आजारी पडली. आधी ती माझ्यावर जास्त बसू लागली, मग कमी, मग बसेनाशी झाली. एका सकाळी स्वयंपाकघर माणसांनी भरलं. अनोळखी बायका आळीपाळीने माझ्यावर बसून चहा प्याल्या. कोणीतरी माझ्यावर कपबशा ठेवल्या. मग सगळे गेले. कपबशा दोन दिवस तशाच राहिल्या.

त्यानंतरचं सांगण्यासारखं फारसं काही नाही. तो सकाळी उठायचा, एक कप धुवायचा, त्यातच चहा प्यायचा, तोच कप धुवून ठेवायचा. भाजीत मीठ दोनदा पडायचं किंवा पडायचंच नाही. तो दोन्ही सारखंच खायचा. कोणी विचारलं की "बरं आहे" म्हणायचा. उभ्यानेच जेवायचा. मी वाटेत आलो की मला पायाने भिंतीकडे सरकवायचा. मला त्याचं काही वाटलं नाही. त्यालाही काही वाटत होतं असं दिसलं नाही. तो रडला, असं मला तुम्हाला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तो रडला नाही.

अशाच एका दुपारी मेहुणा दोन माणसांना घेऊन आला. एक होत्या खेळांच्या नव्या दालनाच्या बाई. जुन्या खेळाडूंच्या वस्तू आणि त्यांच्याबद्दलच्या पाट्या त्या दालनात लागणार होत्या. बॉक्सिंगसाठी तिथे एकच कोनाडा होता. दुसरा माणूस होता 'हातोडा', खांबाचा जुना प्रतिस्पर्धी. त्याचा ठोसा बसला की माणूस उठत नसे, म्हणून ते नाव. कोनाडा या दोघांपैकी एकाला मिळणार होता, आणि बाईंना दोघांना समोरासमोर बसवून विचारायचं होतं.

खांब ओट्याशी वाकून चहा करत होता.

"यांची ताकद काय होती?" बाईंनी हातोड्याला विचारलं.

"लेकाचा पडायचाच नाही. मी दोनदा लढलो याच्याशी. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी माझेच हात सुजलेले. बायकोने भरवलं मला."

"आणि उणीव?"

"तीच. पडायचा नाही, म्हणून चुकवायला शिकला नाही. ज्याला ठोसा लागतो तो वाकायला शिकतो. याला लागायचाच नाही."

"लागायचा," मेहुणा म्हणाला. "बर्फ मी लावायचो. दाखवत नव्हते एवढंच."

"पण पाडलं किती जणांना याने? लोक याच्या लढतीत जांभया द्यायचे."

"आणि तुमच्या लढतीत लोक जागेवर बसायच्या आत निकाल. कधी समोरचा आडवा, कधी तुम्ही."

हातोडा खदखदून हसला. "हे मात्र खरं आहे."

बाई शांतपणे म्हणाल्या, "जाणकारांचा आक्षेप आहे की त्या काळात तोडीचे बॉक्सरच नव्हते. म्हणून यांचा किताब इतका टिकला."

"तोडीचे नव्हते?" मेहुणा उसळला. "मग हे समोर बसलेत ते कोण?"

हातोड्याने मिशीवरून हात फिरवला. त्याला ते आवडलं होतं.

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" बाईंनी खांबाला विचारलं. "इतिहासात तुमची जागा कुठे?"

"साखर किती?" खांब म्हणाला.

मित्रांनो, कोणी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तो पहिल्या रांगेतला मारणारा नव्हता. चुकवणाऱ्यांत तर त्याला शेवटच्या रांगेत बसवा. पण थकून आल्यावर पुन्हा उभं राहण्यात त्याच्या जवळपास कोणी नव्हतं. आणि आता ओट्याशी उभा होता तो माणूस कित्येक दिवसांत एकदाही पुरता बसलेला नव्हता. पण स्टूलला कोण विचारतं?

"तुमचं पारडं बऱ्यापैकी जड आहे," बाई म्हणाल्या. "पण कोनाड्यात वस्तू लागते. तुम्ही रिंगमध्ये वापरलेलं काही आहे का?"

मेहुण्याने मला भिंतीजवळून उचलून टेबलावर ठेवलं. बाईंनी जुना फोटो काढला, माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं.

"हे ते नाही."

"हेच आहे. इतकी वर्षं मीच उचललंय. झोपेतही ओळखीन."

"फोटोत ते यांच्या गुडघ्याला लागतंय. हे नाही लागणार."

"आमच्या ताईने जरा कापलं."

"जरा?" हातोडा म्हणाला. "अरे, याला बालवाडीत घातलं तिने."

बाईही हसल्या, पण नियम नियम होता. वस्तू रिंगमध्ये होती तशीच हवी. पायांना तुकडे जोडून उंची पहिल्यासारखी करायची, हिरवा रंग खरवडायचा, चकती काढायची. पंधरवड्यात झालं तर कोनाडा खांबाचा. नाहीतर हातोड्याच्या घरी झगा, मोजे, बूट, सगळं डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेलं होतंच.

"करू ना, भाऊजी?"

"कर."

"नीट ऐकलंत ना, काय करायचंय ते?"

"ऐकलं."

दुसऱ्या दिवशी मेहुण्याने मला सायकलला बांधून सुताराकडे नेलं. सुतार कमी बोलणारा होता. त्याने आधी रबराची चकती उपटली. मग दोन पायांचे खालचे काप रंध्याने सपाट केले आणि सरस लावून त्यांना ठोकळे जोडले. उरलेले दोन पाय त्याने दुसऱ्या दिवसावर ठेवले. मी भुशात तिरका उभा होतो, दोन पायांनी रिंगमधला, दोन पायांनी स्वयंपाकघरातला.

त्याच दिवशी दुपारी खांब आला. का आला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. हातात भाजीची पिशवी होती. मेहुणा तिथेच बसून सुताराला घाई करत होता.

"किती झालं?" खांबाने विचारलं.

"दोन पाय झाले. दोन बाकी," सुतार म्हणाला. त्याने मला उलटं केलं. "कापणारा डावखुरा होता काय हो?"

"का?"

"काप सगळे एकीकडेच उतरलेत. हे बघा. आणि इथे करवत घसरलीय, तिथून पुन्हा सुरुवात केलीय. नवखा हात, पण सोडलेलं नाही. या दोन पायांवर दिसतंय. त्या दोघांचं रंधून काढलं मी. सपाट केल्याशिवाय ठोकळा बसत नाही."

खांबाने पिशवी खाली ठेवली. उरलेल्या दोन कापांवरून त्याने अंगठा फिरवला. त्याचं बोट मोडून जाड झालेलं होतं, त्याला कितपत कळलं असेल कोण जाणे.

"थांबव," तो म्हणाला.

"काय थांबवू?"

"आहे तेवढं राहू दे. ते ठोकळे काढ."

मेहुणा उठून उभा राहिला. "भाऊजी, कोनाडा जाईल. तो हातोडा तिथे झगा घालून उभा राहील आणि पोरं म्हणतील, त्या काळी हा एकच होता."

"म्हणू दे."

"तुम्हाला काही नाही हो. तुमचं नाव निदान लोकांना माहीत आहे. मी इतकी वर्षं हे स्टूल उचललं. त्या फोटोत माझं फक्त कोपर आलंय. मला वाटलं, स्टूल लागलं की..." त्याने अंगावरचा भुसा झटकला. मग म्हणाला, "ताई असती तर म्हणाली असती, द्या म्हणून. तिला वस्तूंचं काय पडलं होतं?"

"म्हणाली असती."

"मग?"

"मग ती नाहीये म्हणायला."

सुताराने करवत घेतली. सरस अजून पुरता वाळला नव्हता, ठोकळे सहज निघाले. पण रंधलेले दोन पाय आता आणखी आखूड झाले होते. त्यांच्याखाली त्याने जाड रबर बसवलं. तरी मी हललोच.

"हे एवढं राहणार," तो म्हणाला.

खांबाने मला काखेत धरलं. रस्त्यात त्याने पहिल्यांदाच मेहुण्याला सांगितलं, "तू दुसऱ्या हाताला बादली घ्यायचास. पाणी कधी सांडलं नाहीस." मेहुण्याने भाजीची पिशवी घेतली आणि नाक पुसलं.

कोनाडा हातोड्याला मिळाला. मेहुणा दालन बघायला आधी रुसून गेला नाही, मग गेला. आल्यावर त्याने पाटीवर काय लिहिलंय ते ओट्याशी उभं राहून सांगितलं. हातोड्याचे सगळे विक्रम आहेत. खाली बाईंनी एक ओळ घातली आहे की तो दोनदा खांबाशी लढला आणि एकदाही त्याला पाडू शकला नाही.

"तो चिडलाय," मेहुणा म्हणाला. "म्हणतो, पाटी माझी आणि शेवटचा ठोसा याचा."

"ओळ खरी आहे," खांब म्हणाला.

मित्रांनो, इतिहासात त्याची जागा तेवढी. दुसऱ्याच्या पाटीवरची शेवटची ओळ. मला ती कमी वाटत नाही आणि जास्तही वाटत नाही.

हल्ली तो बटाटे माझ्यावर बसून सोलतो. त्याचे गुडघे छातीपर्यंत येतात. दिसायला ते चांगलं दिसत नाही. मीठ अजून दोनदा पडतं. तो बरा झाला, असं मी म्हणणार नाही. तो बसतो, एवढंच मला ठाऊक आहे, आणि पूर्ण बसतो.

तुमच्याही घरात एखादी वस्तू अशी असेल, जी कोणीतरी आपल्या हाताने कापून, ठोकून, वाकडीतिकडी का होईना, आपल्या मापाची करून घेतलेली आहे. तो माणूस गेला म्हणून लगेच ती सरळ करायला काढू नका. रंग उडाला असेल तर उडू द्या. पाय हलत असेल तर खाली रबर घाला. तरीही हलला, तर बसणाऱ्याने जरा सांभाळून बसावं.